मोबाइलची ॲप्स कॉम्प्युटरवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवरची ॲप्स विंडोज, मॅक किंवा क्रोमबुकवर वापरणाऱ्यांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे आहेत, पुढे किचकट होत जातात. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिलेत. "प्रश्न ३ पाहा" असं दिसलं की तिकडे उडी मारा.

१. मोबाइलचं ॲप कॉम्प्युटरवर आणतात म्हणजे नक्की काय करतात? तेच ॲप असतं की वेगळं?

वाटा पाच आहेत. कंपनीने कोणती धरली यावर ॲप कसं निघणार हे बरंचसं ठरतं.

पहिली वाट म्हणजे कॉम्प्युटरसाठी वेगळं ॲप लिहून काढणं. टेलिग्रामने हेच केलंय. त्याचं डेस्कटॉप ॲप फोनच्या ॲपची नक्कल नाही, ते स्वतंत्र लिहिलेलं आहे. दुसरी वाट वेबसाइटच एका विंडोत गुंडाळून "ॲप" म्हणून द्यायची. हे इलेक्ट्रॉन वापरून करतात किंवा विंडोजवर वेबव्ह्यू२ वापरून; दोन्ही म्हणजे वेबसाइटला ॲपचं रूप देणारी तयार साधनं, आत ब्राउझरचंच इंजिन. स्लॅक, डिस्कॉर्ड, सिग्नल ही इलेक्ट्रॉनवाली मंडळी. तिसऱ्या वाटेत मोबाइलचाच कोड घेऊन त्याला डेस्कटॉपचे मेनू, विंडो आणि शॉर्टकट जोडतात. ॲपलचं कॅटलिस्ट त्यासाठीच आहे. चौथ्या वाटेत काहीच बदलत नाहीत, फोनचं ॲप जसंच्या तसं चालवतात, उदाहरणार्थ एम१ किंवा त्यापुढची चिप असलेल्या मॅकवर आयपॅडची ॲप्स, किंवा क्रोमबुकवर अँड्रॉइडची. पाचवी वाट एम्युलेटरची: कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा फोन उभा करायचा आणि ॲप त्यात टाकायचं.

२. माझ्याकडचं ॲप यातलं कोणतं, हे कसं ओळखू?

विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा आणि ॲपच्या नावाशेजारचा बाण दाबा. आत "वेबव्ह्यू२" नावाच्या प्रोसेसची रांग दिसली, तर ती वेबसाइटची गुंडाळी. इन्स्टॉल झालेल्या फोल्डरमध्ये "रिसोर्सेस" फोल्डरच्या आत "ॲप डॉट एएसएआर" नावाची फाइल सापडली, तर इलेक्ट्रॉन. मॅकवर ॲपवर राइट क्लिक करून "शो पॅकेज कंटेंट्स" घ्या; "फ्रेमवर्क्स" फोल्डरमध्ये इलेक्ट्रॉनचं नाव थेट लिहिलेलं असतं. मॅक ॲप स्टोअरमध्ये "डिझाइन्ड फॉर आयपॅड" अशी ओळ असेल, तर ते चौथ्या वाटेने आलेलं, म्हणजे न बदललेलं ॲप.

कॅटलिस्ट मात्र बाहेरून ओळखणं अवघड. ओळखू येत नसेल तर काम चांगलं झालंय, असं खुशाल समजा.

३. फोनवर झकास चालणारं ॲप लॅपटॉपवर इतकं बोजड का वाटतं? माझा लॅपटॉप तर फोनपेक्षा कितीतरी ताकदवान आहे.

ताकदीचा इथे फारसा संबंध नाही. फोनचं ॲप बोटासाठी बेतलेलं असतं आणि बोट जाड असतं. म्हणून ॲपल सांगतं की दाबायची कोणतीही जागा किमान ४४ पॉइंट लांबरुंद हवी. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत हा आकडा ४८ डीपी आहे (पॉइंट आणि डीपी ही स्क्रीनवरच्या अंतराची मापं). माउसची टोकदार खूण त्याच्या पाव जागेतही नेमकी बसते. तीच मोठी बटणं मोठ्या स्क्रीनवर आली की दोन बाजूंना ओसाड जागा राहते, मध्ये यादीच्या दहा-बारा ओळी, आणि तुम्ही आपले खालीवर स्क्रोल करत बसता. दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला एका नजरेत चाळीस नोंदी हव्या असतात. त्यासाठीच तर तो फोन सोडून कॉम्प्युटरपुढे बसलेला असतो.

कॅटलिस्टमध्ये यावर एक तोडगा होता, आणि त्यातून नवीन दुखणं निघालं. आयपॅडचा अख्खा इंटरफेस ७७ टक्क्यांवर आखडून दाखवायचा, म्हणजे आयपॅडवरचं १७ पॉइंटांचं अक्षर मॅकच्या नेहमीच्या १३ पॉइंटांएवढं दिसतं. माप जुळलं, पण आखडल्यामुळे अक्षरांच्या कडा किंचित भुरकट होत. २०२० साली बिग सर या मॅकओएसच्या आवृत्तीत ॲपलने न आखडता मॅकच्या मापाने मांडणी करायचा पर्याय दिला. तो घ्यायचा तर डेव्हलपरला बरीचशी मांडणी पुन्हा तपासावी लागते, त्यामुळे सगळ्यांनी तो घेतला नाही.

दुसरी अडचण हातवाऱ्यांची. फोनवर यादी खाली ओढली की ताजी होते, ओळ डावीकडे सरकवली की "डिलीट" येतं, दाबून धरलं की मेनू उघडतो. माउसवाल्याला यातलं काहीच सुचत नाही. तो राइट क्लिक करतो आणि काही होत नाही. एस्केप दाबतो, खिडकी बंद होत नाही. टॅब दाबतो, पुढच्या रकान्यात जात नाही. कंट्रोल-एफ नाही, कंट्रोल-झेड नाही. आणि सरकारी किंवा शाळेच्या कामात हटकून नडणारी गोष्ट, कंट्रोल-पी नाही. फोनच्या ॲपमध्ये प्रिंटचा विचारच झालेला नसतो, तिथे सगळं "शेअर" करायचं असतं.

तारखेचं चक्र हा याचा कळस. फोनवर दिवस, महिना, वर्ष अशी तीन चाकं बोटाने गरगर फिरवायला मजा येते. तेच फॉर्म कॉम्प्युटरवर उघडतो, समोर वडिलांची जन्मतारीख भरायची आहे, साल १९६२. माउसचं चाक फिरवत २०२५ पासून मागे निघायचं, १९५८ वर जाऊन आदळायचं, परत पुढे यायचं. शेजारी कीबोर्डवर आकड्यांची अख्खी रांग रिकामी बसलेली. कॅटलिस्टच्या सुरुवातीच्या ॲप्समध्ये हीच चाकं मॅकवर आली होती आणि लोकांनी त्यावर भरपूर तोंडसुख घेतलं होतं. नंतर तिथे टाइप करता येणारा छोटा रकाना आला.

४. एवढ्या मोठ्या कंपन्यांना हे कळत नाही का?

पक्कं कळतं. एकच टीम, एकच कोड, आणि नवीन सोय सगळीकडे एकाच दिवशी, हे हिशेबात बसतं म्हणून ते असं करतात. बहुतेक ग्राहक फोनवर असतात, कमाईही तिथेच. विंडोजसाठी वेगळी टीम पोसायची की गुंडाळी देऊन मोकळं व्हायचं, हा निर्णय डिझाइनरच्या नाही तर हिशेबनिसाच्या टेबलावर होतो. नेटफ्लिक्सने २०२४ मध्ये विंडोजचं जुनं ॲप बदलून वेबवर चालणारं आणलं, तेव्हा सिनेमे डाउनलोड करून ऑफलाइन पाहायची सोय त्यातून गेली. प्रवासात लॅपटॉपवर पाहणारे हळहळले, पण कंपनीने आपला निर्णय घेतला होता.

उलट टोकाची चूकही होऊन गेली आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ ने अख्खा कॉम्प्युटरच टॅबलेटसारखा केला. नवी ॲप्स पूर्ण स्क्रीनभर पसरायची, स्टार्ट मेनू गायब. २०१५ मध्ये विंडोज १० ला हे मागे घ्यावं लागलं.

५. ब्राउझरमध्ये तीच साइट उघडते, मग ॲप घ्यायचं कशाला?

ॲप जर दुसऱ्या वाटेचं, म्हणजे गुंडाळी असेल (प्रश्न १ पाहा), तर बहुतेक वेळा नकोच घ्यायला. ब्राउझरमध्ये तुम्हाला झूम मिळतो, शोध मिळतो, प्रिंट मिळते, दोन टॅब शेजारी लावता येतात. वेगळं आयकॉन हवं असेल तर क्रोम किंवा एजमध्ये साइट "ॲप म्हणून इन्स्टॉल" करता येते. ती वेगळ्या विंडोत उघडते, टास्कबारवर बसते, आणि जागा नगण्य घेते.

ॲप घ्यावं ते तीन कारणांसाठी: इंटरनेट नसताना काम करायचं असेल, व्हिडिओ कॉल किंवा स्क्रीन शेअरिंग ॲपमध्येच असेल, किंवा ब्राउझर बंद असतानाही नोटिफिकेशन यायला हवं असेल.

६. व्हॉट्सॲपचं कॉम्प्युटरवरचं ॲप सारखं बदलत का असतं? मध्ये चांगलं झालं होतं, परत जड झालं.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. व्हॉट्सॲपच्या या प्रवासात वर सांगितलेल्या वाटांपैकी तीन येऊन गेल्यात.

जानेवारी २०१५ मध्ये व्हॉट्सॲप वेब आलं. तेव्हा ते फोनचा आरसा होतं. फोन बंद पडला की कॉम्प्युटरवरचंही बंद. मे २०१६ मध्ये विंडोज आणि मॅकसाठी ॲप आलं, पण आत तीच वेबसाइट होती. २०२१ पासून एकापेक्षा जास्त उपकरणं जोडायची सोय येत गेली, फोन सतत ऑनलाइन असायची गरज संपली. आणि २०२२ मध्ये विंडोजसाठी खास लिहिलेलं ॲप आलं. ते हलकं होतं, झटकन उघडायचं. मॅकला २०२३ मध्ये कॅटलिस्टवरचं नवं ॲप मिळालं. मग २०२५ मध्ये विंडोजचं खास ॲप बाजूला सारून कंपनी वेबव्ह्यू२ च्या गुंडाळीकडे परतली. म्हणजे विंडोजवाल्यांसाठी पुन्हा २०१६ चा मामला, फक्त गुंडाळीचा कागद नवा. कारण प्रश्न ४ मधलंच: वेबवर एकदा लिहिलं की तेच इकडे चालतं.

व्यवहारात काय करायचं? मेमरी ८ जीबी किंवा कमी असेल आणि क्रोम तसंही दिवसभर उघडं असेल, तर ॲप काढून टाका आणि व्हॉट्सॲप वेब एका टॅबमध्ये पिन करून ठेवा. कॉल कॉम्प्युटरवरूनच करायचे असतील तर ॲप राहू द्या. दोन्हीकडे एक नियम सारखा: मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही, तर जोडलेली उपकरणं आपोआप लॉगआउट होतात. गावी फोन विसरून आलेल्यांचा "अचानक बंद पडलं" हा प्रश्न बहुधा यातूनच येतो.

७. म्हणजे इलेक्ट्रॉनवर केलेलं सगळं वाईटच का?

नाही. व्हीएस कोड हा जगभरचे प्रोग्रॅमर दिवसभर वापरतात तो एडिटर इलेक्ट्रॉनवरच आहे. इलेक्ट्रॉन मुळात गिटहब या प्रोग्रॅमरांच्या कोड ठेवायच्या सेवेच्या ॲटम एडिटरसाठी जन्मलं, म्हणजे कीबोर्ड बडवणाऱ्या लोकांसाठीच. व्हीएस कोडमध्ये प्रत्येक गोष्टीला शॉर्टकट आहे, विंडो हवी तशी विभागता येते, हजारो ओळींची फाइल अडखळत नाही. मेमरी तोही मागतो, पण मागितलेल्याचं चीज करतो.

कंपनीने कोणती वाट धरली यावरून अंदाज बांधता येतो, निकाल देता येत नाही. ॲप बनवणाऱ्यांनी ते स्वतः माउस-कीबोर्ड घेऊन आठवडाभर वापरलंय का, एवढंच मी पाहतो. ते लगेच दिसून येतं.

८. मॅकवर आयफोन-आयपॅडची ॲप्स चालतात म्हणे. मग माझ्या मॅकवर ती का सापडत नाहीत?

आधी चिप पाहा. इंटेलचा मॅक असेल तर विषय संपला. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे मॅक आले, त्यांची चिप आयपॅडच्याच घराण्यातली, म्हणून ॲप भाषांतर न करता थेट चालतं. ॲप स्टोअरमध्ये शोधल्यावर निकालाच्या वरती "आयफोन अँड आयपॅड ॲप्स" असा वेगळा टॅब असतो. तो न दाबल्याने अनेकांना ॲप नाहीच असं वाटतं.

टॅब दाबूनही सापडलं नाही, तर ॲपच्या मालकाने मॅकसाठी नकार दिलाय. ॲपल ही मुभा प्रत्येक डेव्हलपरला देतं. नेटफ्लिक्स, यूट्यूब यांनी ती वापरली. सुरुवातीला लोक आयफोनवरून ॲपची फाइल काढून मॅकवर परस्पर टाकत, जानेवारी २०२१ मध्ये ॲपलने तेही बंद केलं.

चाललं तरी अपेक्षा बेताच्या ठेवा. "नॉट व्हेरिफाइड फॉर मॅकओएस" असं लिहिलेलं असेल, तर डेव्हलपरने ते मॅकवर तपासलेलं नाही, असा त्याचा अर्थ. बोटांचे हातवारे कीबोर्डवरून करायला "टच अल्टरनेटिव्ह्ज" नावाची सोय ॲपच्या मेनूत असते, ती चालू करून पाहा.

९. कॅटलिस्टचं एखादं खरंच चांगलं झालेलं ॲप आहे का?

आहे. क्राफ्ट हे लिखाणाचं आणि टिपणांचं ॲप कॅटलिस्टवर बनलंय आणि २०२१ मध्ये ॲपलने त्याला मॅकचं वर्षातलं सर्वोत्तम ॲप म्हणून गौरवलं. आता यजमानाने आपल्याच पाककृतीला बक्षीस दिलं, असं कुणी म्हणेल, पण ॲप वापरून पाहिलं तर तक्रारीला जागा कमी आहे. शॉर्टकट आहेत, फाइल ओढून टाकता येते, अनेक विंडो उघडतात.

याची तुलना ॲपलच्याच पहिल्या प्रयत्नांशी करा. २०१८ मध्ये मोहावी या मॅकओएसच्या आवृत्तीबरोबर न्यूज, स्टॉक्स, व्हॉइस मेमोज आणि होम ही चार ॲप्स आयपॅडवरून मॅकवर आली. तंत्र जवळपास तेच, पण ती मॅकवर पाहुण्यासारखी अवघडून बसलेली वाटायची.

१०. विंडोज ११ मध्ये अँड्रॉइड ॲप्स येणार होती. कुठे गेली?

आली आणि गेली. जून २०२१ मध्ये विंडोज ११ च्या घोषणेतच मायक्रोसॉफ्टने हे दाखवलं होतं. ॲप्स मिळायची ॲमेझॉनच्या ॲपस्टोअरमधून, गूगल प्ले त्यात नव्हतं, आणि मेख तिथेच होती. गूगलच्या सेवांवर टेकलेली ॲप्स त्यात नीट चालत नसत. ५ मार्च २०२५ ला ही सोय अधिकृतपणे बंद झाली.

मायक्रोसॉफ्टचा हा पहिला प्रयत्नही नव्हता. २०१५ मध्ये विंडोज फोनवर अँड्रॉइड ॲप्स आणायचा "ॲस्टोरिया" प्रकल्प जाहीर झाला होता, तो पुढच्याच वर्षी गुंडाळला. त्यामुळे अजूनही "विंडोज ११ मध्ये अँड्रॉइड चालू करा" असे व्हिडिओ दिसले, तर त्यांची तारीख आधी बघा. त्यात सांगितलेल्या भलत्या साइटवरून फाइली उतरवू नका.

११. मग एम्युलेटर टाकू का? आणि तो इतका रडत का चालतो?

टाका, पण कशासाठी ते ठरवून. एखादं ॲप फक्त फोनवरच आहे आणि ते मोठ्या स्क्रीनवर कधीतरी लागतं, एवढ्यापुरता ब्लूस्टॅक्ससारखा एम्युलेटर ठीक. रोजच्या ऑफिसच्या कामाला नको.

रडत चालण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा वेगाने चालवायची चिपमधली सोय, बंद असणं. टास्क मॅनेजरमध्ये "परफॉर्मन्स", मग "सीपीयू" उघडा. खाली उजवीकडे "व्हर्च्युअलायझेशन" पुढे "डिसेबल्ड" असेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना, विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू करावं लागतं. इंटेलवर त्याला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीवर एसव्हीएम. दुसरं कारण मेमरी. खोटा फोन स्वतःसाठी दोन-चार जीबी बाजूला काढतो, ४ जीबीच्या लॅपटॉपवर मग उरतं काय? तिसरं कारण चिपचं: फोनची बरीच ॲप्स एआरएम चिपसाठी बनलेली असतात, विंडोजच्या लॅपटॉपमध्ये बहुधा इंटेल किंवा एएमडी असते, म्हणून चालता चालता भाषांतर करावं लागतं.

सुरक्षेचं म्हणाल तर एम्युलेटर त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, आणि त्यात तुमचं मुख्य गूगल खातं टाकू नका. वेगळं खातं काढायला पाच मिनिटं लागतात.

क्रोमबुकवाल्यांना यातलं काही लागत नाही. प्ले स्टोअर आतच असतं, आणि ॲप फोनच्या आकारात, टॅबलेटच्या आकारात की मोकळ्या विंडोत उघडायचं हे विंडोच्या वरच्या पट्टीतून निवडता येतं.

१२. गेमसाठीही हेच सल्ले लागू आहेत का?

गेमचं बरंच बरं आहे, कारण गेमला तसंही मेनू आणि प्रिंट लागत नाही. गूगलचं "प्ले गेम्स" विंडोजवर मिळतं (चाचणी आवृत्ती २०२२ मध्ये काही देशांत सुरू झाली होती). त्यातले गेम माउस-कीबोर्डसाठी जुळवलेले असतात. त्याला ८ जीबी मेमरी आणि एसएसडी लागते, आणि व्हर्च्युअलायझेशनचं प्रश्न ११ मधलं तेच.

एक धोका लक्षात ठेवा. नेमबाजीच्या गेममध्ये माउसवाला बोटवाल्यापुढे सहज भारी पडतो. म्हणून अनेक गेम एम्युलेटर ओळखून अशा खेळाडूंना वेगळ्या गटात टाकतात किंवा खातंच बंद करतात. मुलाने वर्षभर जमवलेलं खातं गेलं तर घरात काय होतं, हे वेगळं सांगायला नको. आधी त्या गेमच्या अटी वाचा.

१३. अशा ॲपमध्ये मराठी टाइप करताना गोंधळ का होतो? वर्डमध्ये तर नीट होतं.

कुठल्या वाटेचं ॲप आहे यावर गोंधळाचा प्रकार ठरतो.

गुंडाळी असेल तर मराठी उमटतं व्यवस्थित, कारण आत क्रोमचंच इंजिन असतं. अडचण येते एंटरची. फोनेटिक कीबोर्डवर तुम्ही "नमस्कार" लिहिताय, सूचना दिसतायत, हवा तो शब्द पक्का करायला एंटर दाबलं, आणि चॅटमध्ये "नमस्क" एवढंच पाठवलं गेलं! ॲपने शब्द अजून जुळतोय की संपला, हे न तपासता एंटरला सरळ "पाठवा" समजलेलं असतं. उपाय दोन. सूचना एंटरने न निवडता स्पेसने निवडा. किंवा इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा ठरावीक कीबोर्ड शिका, त्यात सूचनांची भानगडच नाही, जे दाबाल तेच अक्षर.

एम्युलेटरमध्ये याहून वाईट. विंडोजवर निवडलेला मराठी कीबोर्ड खोट्या फोनपर्यंत बऱ्याचदा पोचतच नाही, इंग्रजी अक्षरंच येतात. तिथे एम्युलेटरच्या आतल्या अँड्रॉइडमध्ये गूगलचं जीबोर्ड हे कीबोर्डचं ॲप टाकून मराठी जोडा, किंवा मजकूर नोटपॅडमध्ये लिहून पेस्ट करा. मॅकवरच्या आयपॅड ॲप्सना ही अडचण सहसा येत नाही, मॅकचा कीबोर्ड तिथे थेट लागू होतो.

१४. टाइप नाही करायचं, नुसतं वाचायचंय. तरी "किती" मधली वेलांटी भलत्याच जागी आणि जोडाक्षरं फुटलेली दिसतात.

हे बहुधा गेममध्ये किंवा गेम इंजिनवर बनवलेल्या मुलांच्या शैक्षणिक ॲपमध्ये दिसतं. देवनागरीत "कि" लिहिताना क आधी साठवला जातो आणि वेलांटी नंतर, दाखवताना मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टीम ही अदलाबदल स्वतः करतात. युनिटी या गेम इंजिनमध्ये मजकूर दाखवायला सर्रास वापरलं जाणारं टेक्स्टमेशप्रो मुळात ती करत नाही, डेव्हलपरला वेगळी सोय लावावी लागते. "ऱ्या" आणि "र्‍हा" यांचे हाल तर विचारू नका.

तुमच्या बाजूने फाँट बदलून हे सुटणार नाही. स्क्रीनशॉट काढून डेव्हलपरला पाठवा, "मराठी नीट दिसत नाही" एवढं लिहून भागत नाही, चुकलेला शब्द आणि बरोबर शब्द शेजारी शेजारी दाखवा.

१५. यूपीआय किंवा बँकेचं ॲप कॉम्प्युटरवर चालेल का?

यूपीआय नाही. नोंदणीच्या वेळी ॲप तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवून तो नंबर आणि तो फोन एकमेकांना बांधतं. एम्युलेटरमध्ये सिमच नाही. शिवाय बँकांची ॲप्स खोटा किंवा छेडछाड केलेला फोन ओळखतात आणि उघडायलाच नकार देतात. हा नकार तुमच्याच पैशांच्या रक्षणासाठी आहे, तो चुकवायचे "जुगाड" शिकवणाऱ्यांपासून लांब राहा.

कॉम्प्युटरवर बँकेचं काम नेटबँकिंगने होतं. साइटवर पैसे भरताना क्यूआर कोड दिसतो, तो फोनने स्कॅन करा.

१६. ई-पीक पाहणी कॉम्प्युटरवरून करता येईल का? बाबांचा फोन जुना आहे, घरी लॅपटॉप आहे.

हा प्रश्न दर हंगामात येतो. २०२१ च्या खरिपापासून राज्यभर शेतकरी स्वतः या ॲपवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद करतात. नोंदीला शेतातला फोटो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश लागतात. घरातल्या लॅपटॉपवर एम्युलेटर टाकून ॲप उघडलंच, तरी तुम्ही गटात उभे नाही आहात. एम्युलेटरमध्ये खोटं ठिकाण टाकता येतं हे खरं, पण मग ती खोटी नोंद झाली, आणि नुकसानभरपाई किंवा विम्याच्या वेळी ती अंगाशी येईल.

एका फोनवरून एकापेक्षा जास्त खातेदारांची नोंद करता येते, तेव्हा शेजाऱ्याचा किंवा भावाचा फोन घेऊन बांधावर जा. गावात नेमलेला सहायक असेल तर त्याची मदत घ्या. लॅपटॉपचा उपयोग नंतर आहे: डिजिटल सही असलेला सातबारा संकेतस्थळावरून काढायला आणि छापायला.

१७. फोनच कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दाखवला तर? मी तसं केलं, पण काही ॲप्स काळी दिसतात.

कल्पना चांगली आहे. एखादं ॲप कॉम्प्युटरवर नसेल तर एम्युलेटरपेक्षा मी आधी हेच सुचवतो, कारण ॲप खऱ्या फोनवरच चालतं. विंडोजला "फोन लिंक" आहे, अँड्रॉइडसाठी "एससीआरसीपीवाय" हे फुकट आणि मुक्त साधन यूएसबी केबलवर सुरेख चालतं, आणि मॅकवर २०२४ च्या सिकोइया आवृत्तीपासून आयफोन मिररिंग आलंय.

काळा पडदा हा बिघाड नाही. बँक, पासवर्ड आणि काही सिनेमांची ॲप्स "माझा पडदा कुणाला दाखवू नकोस" असं अँड्रॉइडला सांगून ठेवतात. स्क्रीनशॉट घेता येत नाही तोही याचमुळे. यावर सरळ उपाय नाही.

१८. टचस्क्रीन लॅपटॉप घेतला तर ही सगळी कटकट संपेल?

निम्मी संपेल. सरकवणं, दाबून धरणं, चाकं फिरवणं जमेल. ओसाड जागा, नसलेले शॉर्टकट, नसलेली प्रिंट हे तसंच राहील. आणि उभ्या स्क्रीनला हात लांबवून तासभर काम केलं की खांदा बोलायला लागतो. स्क्रीन उलटी वळवून मांडीवर घेता येणारा लॅपटॉप असेल तर वेगळी गोष्ट.

१९. ऑफिससाठी एक ॲप घ्यायचंय, विकणारा म्हणतो "मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्हीवर चालतं". काय तपासू?

"चालतं" या शब्दावर जाऊ नका, त्याला समोर बसवून चालवायला लावा. माउस बाजूला ठेवून एक अख्खी नोंद नुसत्या कीबोर्डने भरून दाखवायला सांगा. विंडो अर्ध्या स्क्रीनएवढी करा, दुसऱ्या अर्ध्यात एक्सेल उघडा, आणि तिथली दहा ओळींची निवड कॉपी करून ॲपमध्ये पेस्ट होते का पाहा. डेस्कटॉपवरची पीडीएफ ओढून टाका. ॲप "गॅलरी" उघडायला लागलं तर समजा फोनचाच विचार झालाय. एक पावती छापून घ्या, ए४ वर. शेवटी इंटरनेट काढून टाका आणि अर्धवट भरलेली नोंद जिवंत राहते का बघा.

यातलं दोनपेक्षा जास्त ठिकाणी विक्रेता "पुढच्या अपडेटमध्ये येईल" म्हणाला, तर पैसेही पुढच्या अपडेटनंतर द्या.

२०. डेस्कटॉप ॲप किंवा एम्युलेटर बंद करायचाय. आतला डेटा जाईल का?

गुंडाळीवाल्या ॲपमध्ये बहुतेक डेटा कंपनीच्या सर्व्हरवर असतो, तेव्हा काढून टाकलं तरी ब्राउझरमध्ये लॉगिन केल्यावर परत दिसतो. सिग्नल हा अपवाद: त्याचे संदेश त्या कॉम्प्युटरवरच साठवलेले असतात, ॲप काढून पुन्हा जोडलं तर जुने संदेश आपोआप सगळे येतीलच असं धरून चालू नका.

एम्युलेटरमध्ये सगळं त्या खोट्या फोनच्या आभासी डिस्कमध्ये असतं. एम्युलेटर अनइन्स्टॉल केला की डिस्क जाते, आणि तिच्याबरोबर ॲपमध्ये ठेवलेले फोटो, टिपणं, गेमची प्रगती, सगळं. रीसायकल बिनमध्येही काही सापडत नाही. म्हणून आधी प्रत्येक ॲपमध्ये जाऊन "एक्सपोर्ट" किंवा "बॅकअप" चालवा, तयार झालेली फाइल शेअर्ड फोल्डरमधून विंडोजवर आणा, ती तिथे उघडून बघा, आणि मगच अनइन्स्टॉल दाबा.